परवामास्तरांचा पट्टा

दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी गल्लीत कुणी घेत नसे. सगळ्यांच्या लेखी ते परवामास्तर. टेलर म्हणून हातात जादू होती. वाकड्या खांद्याचा माणूस त्यांच्या कोटात सरळ दिसायचा आणि सुटलेलं पोट त्यांच्या सदऱ्यात कुठे जायचं ते पोटालाही कळत नसे. फक्त एक खोड होती. कपडे कधी मिळतील असं विचारलं की मास्तर मान किंचित तिरकी करत, नजर गळ्यातल्या टेपवर ठेवत, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हसत आणि म्हणत, "परवा."

हा परवा कधी उजाडत नसे. एका गृहस्थांना लग्नाचा कोट लग्न झाल्यावर मिळाला. कोट बसला मात्र इतका झकास, की तो माणूस भांडायचं विसरून गेला आणि बायकोला पुन्हा नटवून त्याने नव्याने फोटो काढून घेतले. मुरलेली गिऱ्हाइकं मास्तरांशी वाद घालत नसत. ती गल्ल्यासमोर ठाण मांडून एवढंच म्हणत, "परवा राहू द्या मास्तर, कुठवर आलंय ते दाखवा." मग मास्तरांची बोबडी वळे. कारण कापड दिलं तसंच, दुकानदाराने बांधलेल्या दोरीसकट, कपाटात झोपलेलं असे.

दुकानाच्या मागे दोन खोल्या, तिथेच घर. बायको होती तेव्हा काजं आणि बटणं ती करायची. लेक शाळेत असतानाच ती गेली, आणि लेक कापण्याच्या टेबलाखाली, बटणांच्या डब्याशी खेळत मोठी झाली. म्हणून ती गुंडी. पुढे ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तिने आपल्या पसंतीने लग्न केलं, पण मास्तरांच्या तोंडी ती गुंडीच राहिली. जावई बोटीवर वीज-दुरुस्तीच्या कामाला. स्वभावाने सोन्यासारखा, पण महिनोन्‌महिने समुद्रात. त्यामुळे दिवस भरत आले तेव्हा गुंडी वडिलांकडे राहायला आली. विहीणबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. त्या रोज डबा घेऊन यायच्या आणि डब्याबरोबर सल्लाही आणायच्या. डबा संपायचा, सल्ला उरायचा.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मास्तर आणि विहीणबाई दवाखान्याच्या बाकावर दोन टोकांना बसून होते. बराच वेळ गेला आणि डॉक्टरीणबाई घाईने बाहेर आल्या. बाळाच्या छातीचे ठोके मंदावत होते. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता, सिझर करावं लागणार होतं. गुंडीने स्वतःच होकार दिला होता, फक्त बाबांना सांगा म्हणाली होती.

 माणूस घाबरला की ओळखीच्या गोष्टीला धरतो. त्यांनी विचारलं, "छेद आडवा की उभा?"

"आडवा, काका."

"शिवणार कोण?"

"मीच."

"बरं. जो कापतो त्यानेच शिवावं," मास्तर म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंच्या मागोमाग आत निघाले. विहीणबाईंनी दंड धरून बसवलं म्हणून ठीक.

मुलगी झाली. लाल, चिडलेली आणि भल्या मोठ्या आवाजाची. बाळंतीण सुखरूप आहे असं कळल्यावर मास्तरांचा जीव भांड्यात पडला. विहीणबाईंचा जीव मात्र पडल्या पडल्या बोलायला लागला. "आमची चारही आपसूक झाली हो. आताच्या मुलींना कळा नकोत आणि डॉक्टरांना सवड नाही. पोट उघडलं, बाळ काढलं, झालं. सोपं काम!"

"विहीणबाई, मी जन्मभर कापतोय," मास्तर म्हणाले. "कापण्यात सोपं काही नसतं."

 यातलं एकच वाक्य आत खाटेवरच्या गुंडीने ऐकलं होतं. मास्तरांचं नव्हे, विहीणबाईंचं. माणसाला नेमकं नको तेच ऐकू येतं.

घरी सोडायच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर सगळं समजावून सांगायला आल्या. भारदस्त बाई, पण समजवण्याची हातोटी अशी की दगडालाही कळावं. हे मोठं ऑपरेशन आहे, त्या म्हणाल्या, एकावर एक कितीतरी थर कापून पुन्हा जोडले आहेत. मास्तरांनी मान डोलावली, थर त्यांना कळत होते. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पडून राहायचं नाही, हळूहळू चालायचं, नाहीतर पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. एखादी पोटरी सुजली, दुखली, किंवा धाप लागली तर घरी बसून चर्चा करायची नाही, थेट इथे. मास्तर एकेक शब्द मनात टाचून घेत होते.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता जखमेचं आणि अंगावरून जाण्याचं सांगते."

झालं. मास्तरांचे कान लाल झाले. पोरीच्या पोटावरची जखम, आणि ते दुसरं; बापाने हे ऐकायचं म्हणजे काय! त्यांची नजर खोलीत पळायला जागा शोधू लागली आणि खाटेभोवतीच्या पडद्यावर जाऊन पडली. पडद्याची दुमड खालून उसवली होती, चांगली हातभर. शिंप्याच्या डोळ्याला उसवलेली शिवण दिसली की तो डोळा तिथून हलत नाही. कुणी घातली असेल ही टीप? दोरा कच्चा, टाका लांब, वर गाठही नाही! मास्तरांनी मनातल्या मनात सुई ओवली आणि तो पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत तुरपून काढला. शेवटची गाठ मारून भानावर आले तेव्हा सिस्टर म्हणत होत्या, "...यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं. कळलं ना काका?"

"कळलं," मास्तर म्हणाले. गुंडीच्या कुशीत बाळ किंचाळत होतं. तिनेही अर्धं ऐकलं होतं, अर्धं नव्हतं. बाबा ऐकतायत, मग झालं, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर मास्तरांनी जी सेवा केली तिला तोड नाही. खाट बुटकी होती, उठताना पोट ताणायचं, तर त्यांनी चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे दिले. खोकताना पोटाशी धरायला छोटी उशी शिवली. पुढून उघडणारे, कमरेला न काचणारे चार गाऊन शिवले. बाळाची लंगोटी धुऊन दुकानाच्या दाराशी वाळत घातली, आणि कुणी हसलं तर म्हणाले, "नवीन गिऱ्हाइकाचं काम आहे. हे गिऱ्हाईक परवा ऐकून घेत नाही."

एक दिवस गुंडी उठता उठता म्हणाली, "बाबा, उभं राहिलं की पोट सुटून खाली पडेल की काय असं वाटतं."

एवढंच ती म्हणाली. मास्तर उठले, दुकानाचं दार लोटलं आणि मशीनवर बसले. बाहेरून जाड कॅनव्हास, आत फोम, त्याच्या आत रेशमी अस्तर, हुकांच्या तीन रांगा, कडेला दुहेरी टीप. दुपारी सांगितलेला पोटाचा पट्टा संध्याकाळच्या चहाच्या आधी तयार! ही बातमी गल्लीभर झाली. समोरचा किल्ल्या बनवणारा खास बघायला आला आणि म्हणाला, "मास्तर, तब्येत बरी आहे ना तुमची?" जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी एखादं काम सांगितल्या दिवशी पुरं केलं होतं, आणि नेमकं तेच चुकलं होतं. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक?

पट्टा बसला तो हातमोज्यासारखा. गुंडीने तो बांधून खोलीत चार फेऱ्या मारल्या तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले. मग ते रोज सकाळ-संध्याकाळ दारातून विचारू लागले, "बसतोय ना?" आणि गुंडी म्हणायची, "झकास." सकाळी झकास, संध्याकाळी झकास. पट्ट्याबद्दल मास्तर रोज विचारत. बाळाच्या दुधाबद्दल, ढेकराबद्दल, शी-शूबद्दल विहीणबाई रोज विचारत. बोटीवरून फोन लागला की जावई बाळाचा आवाज ऐकव म्हणायचा. पट्ट्याच्या आत काय चाललंय, हे कुणीच विचारलं नाही.

त्या दुपारी उकाडा मी म्हणत होता. मास्तर मशीनवरून उठून पाणी प्यायला आत आले, तर गुंडी चादर ओढून बसलेली. गाल तांबडे, ओठ कोरडे. बाळ मांडीवर आणि ताट तसंच झाकलेलं.

"चादर कशाला गं?"

"जरा गार वाटतंय."

"जेवली नाहीस?"

"जेवते ना."

मास्तरांना वाटलं, थकली असेल. तरी म्हणाले, "बरं वाटत नसेल तर डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ या का?"

गुंडीने मान किंचित तिरकी केली. नजर बाळाच्या दुपट्याच्या काठावर ठेवली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हसली आणि म्हणाली, "जाऊ की. परवा."

मास्तर परत दुकानाकडे वळले, आणि उंबऱ्यावरच थबकले. ती मान, ती नजर, ते हसू. आरशात बघितल्यासारखं झालं त्यांना. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! हा परवा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला माहीत होतं? या परव्याच्या मागे कधीही काम चालू नसतं. त्याच्या मागे कपाटात दडवलेलं काहीतरी असतं आणि समोरच्याने आता इथून जावं एवढीच इच्छा असते. तीस वर्षं त्यांनी लोकांना याच हसण्यावर परत पाठवलं होतं. आज लेक त्यांना परत पाठवत होती.

 ते मागे फिरले, खाटेसमोर स्टूल ओढून ठाण मांडून बसले.

"परवा राहू दे गुंडे," ते म्हणाले. "कुठवर आलंय ते दाखव."

गुंडी हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "बाबा, तुम्हाला कसं दाखवू?"

"मला लाज वाटतेय, तुलाही वाटतेय. वाटू दे. दाखव."

तिने पाठ भिंतीला टेकवली आणि हुक काढायला घेतले. तीन रांगा होत्या, दोन तिने काढल्या. शेवटची रांग मास्तरांनी काढली. अस्तर ओलं होतं. घाम असेल असं म्हणायची सोय नव्हती, वास वेगळा होता. जखमेच्या एका टोकाशी कातडी लालभडक, ताणलेली, आणि टाक्यांच्या मधून पाणी पाझरत होतं. मास्तरांनी हात जवळ नेला, तर न लावताच धग लागली.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कुणाशी बोलू? तुम्ही रोज इतक्या कौतुकाने विचारायचात, बसतोय ना म्हणून. सासूबाई म्हणतात सोपं काम. ह्यांना फोनवर सांगितलं असतं तर तिकडे समुद्रात हे काय करणार होते? मला वाटलं, सगळ्यांचं असंच असेल. मीच जरा जास्त करतेय."

 दुकान उघडं टाकून मास्तर रस्त्यावर धावले, गळ्यात टेप, पायात एकच चप्पल, आणि टॅक्सीपुढे असे आडवे झाले की टॅक्सीवाल्याने आधी शिव्या दिल्या आणि मग दार उघडलं. तेवढ्यात विहीणबाई डबा घेऊन आल्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी डबा उंबऱ्यावर ठेवला, बाळ उचललं आणि एकही सल्ला न देता गाडीत बसल्या. मास्तरांना त्यावरूनच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

जखमेत पू झाला होता, ताप अंगात मुरत होता. डॉक्टरीणबाईंनी जखमेचं ते टोक उघडून पू वाहू दिला, हाताला सुई लावून औषध सुरू केलं आणि गुंडीला ठेवून घेतलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "बरं झालं आज आणलंत. परवापर्यंत थांबला असतात तर हे रक्तात पसरलं असतं. मग माझ्या हातात फारसं उरलं नसतं."

परवा हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि मास्तरांनी गळ्यातला टेप काढून खिशात कोंबला.

ते आत गुंडीच्या खाटेशी गेले, तेवढ्यात सिस्टर आल्या, दोन बोटांत तो पट्टा धरून. "हा कुणी बांधायला दिला?"

खाटेवरून गुंडी क्षीण आवाजात म्हणाली, "मीच घेतला. बाजारातून."

"खोटं बोलतेय ती," मास्तर म्हणाले. "अशी टीप बाजारात मिळते का? मी शिवला."

सिस्टरांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. "पट्ट्यानेच झालं असं नाही म्हणत मी. जखम कुणाचीही पिकू शकते. पट्टा बांधतातही लोक, पण विचारून, सैल, थोडा वेळ. हा तुमचा पट्टा म्हणजे तिजोरी आहे! आत काय चाललंय ते दिसणार कसं? जखम कोरडी ठेवा, रोज बघा, लाल झाली, पाणी आलं, ताप आला तर त्याच दिवशी या. सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं, सिस्टर," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "मी पडदा बघत होतो."

बाकावर विहीणबाई नातीला थोपटत बसल्या होत्या. मास्तर शेजारी येऊन बसले, या खेपेला मधे जागा न सोडता. बाईंनी नातीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "माझ्या चार बाळंतपणांत, तुला कसं वाटतंय असं मला कुणी विचारलं नाही. मला वाटलं, विचारायचं नसतंच."

  मग त्यांनी फोन काढला आणि लेकाला झापलं. तो म्हणाला, बोट बंदराला लागायला अजून वेळ आहे. "मग पोहत ये," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पोहत नाही, पण पुढच्याच बंदरात उतरून, मिळेल त्या गाड्या बदलत तो आला. आला तो आधी बाळाकडे न जाता बायकोच्या उशाशी बसला, हे विहीणबाईंनी बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

ताप उतरला. जखम आतून भरत यायला लागली. पुन्हा घरी जायचा दिवस आला आणि सिस्टर पुन्हा समजावून सांगायला उभ्या राहिल्या. या खेपेला समोर चौघं होती आणि पाचवं गुंडीच्या कुशीत. मास्तर सगळ्यांत पुढे. नजर सिस्टरांच्या चेहऱ्यावर, कान लाल, पण जागेवर.

"जखम धुवायची कशी? पुसायची कशाने? आणि ते... अंगावरून जाणं, किती म्हणजे जास्त?" त्यांनी एका दमात विचारलं. जावई जमिनीकडे बघायला लागला, तर मास्तरांनी त्याला कोपराने ढोसलं. "इकडे बघा. पडदा बघू नका."

सिस्टरांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि एक. शरीर भरतं, मन मागे राहतं कधीकधी. उगाच रडू येतं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, झोप लागत नाही. तेही सांगायचं. तेही आजारपणच, लाड नव्हेत."

विहीणबाईंनी जोरात मान डोलावली.

कागदपत्रं व्हायला वेळ होता. जावई गाडी बघायला गेला. मास्तर पडद्याशी उभे होते. दुमड अजून तशीच लोंबत होती. "सिस्टर, हा पडदा शिवून देतो मी तुम्हाला," ते म्हणाले.

"देणार कधी?"

मास्तरांची मान तिरकी झाली. नजर टेपकडे वळली. ओठाचा डावा कोपरा हलला. मग त्यांनी तोंड मिटलं, सदऱ्याच्या कॉलरमागे कायम टोचून ठेवलेली दोऱ्याची सुई काढली आणि गुंडीच्या खाटेच्या काठावर बसून पडदा मांडीवर ओढला.

गुंडी बघत राहिली. "बाबा, गल्लीत हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"नको सांगूस. गिऱ्हाइकं सोकावतील." दोन टाके झाले. तिसरा घालता घालता त्यांनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

मास्तरांनी हात थांबवला आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं. नुसते बघत राहिले.

"दुखतंय, बाबा," गुंडी म्हणाली. "खूप दुखतंय. आणि रडूही येतं. बाळ झोपलं की येतं, कारण नसताना."

"कुठवर आलंय?" मास्तरांनी सुई पडद्यात तशीच टोचून ठेवली आणि तिच्याजवळ सरकले. "पहिल्यापासून सांग."

ती सांगत होती आणि ते तिच्याकडे बघत ऐकत होते. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला.